मदत हवी आहे: उद्यानात मुलांची किल्ला स्पर्धा, परवानगी कोणाकडे मागायची?

रानजाई

थेट मुद्द्यावर येते, वेळ कमी आहे. दिवाळी तोंडावर आलीये आणि आमच्या उद्यानात आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या मुलांची मिळून किल्ला स्पर्धा घ्यायचं ठरलंय. नावं आली, गट पडले, पोरांनी कागदावर बुरूजसुद्धा काढून ठेवलेत. अडलंय ते परवानगीवर. एका ऑफिसात गेले तर "हे आमच्याकडे येत नाही". दुसरीकडे साहेब साइटवर. तिसऱ्या टेबलावर विचारलं, "मंडळ कोणतं? नोंदणी क्रमांक?" मंडळ वगैरे काही नाही, आम्ही मुलांचे आईवडील आहोत.

पूर्वी प्रत्येक बिल्डिंगखाली किल्ला व्हायचा. आता खाली पेव्हर ब्लॉक आणि गाड्या, मातीची गोणी आत आली की कमिटीची नोटीस. मुलांना मातीत हात घालायला ते उद्यानच उरलंय.

अर्ज कोणाच्या नावे करायचा आणि सोबत काय जोडायचं, एवढं कोणी सांगेल का? नवी मुंबईतलाच अनुभव असेल तर उत्तम.

पारसिक

नवी मुंबई म्हणजे नेमकी कुठली? खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोकही नवी मुंबईच म्हणतात, पण तिथे २०१६ पासून पनवेल महानगरपालिका आहे. दिघा ते बेलापूर या पट्ट्यात असाल तर नवी मुंबई महानगरपालिका.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. उद्यान महापालिकेकडे हस्तांतरित झालंय की भूखंड अजून सिडकोकडेच आहे? सिडको १९७० ची, महापालिका १९९२ ची. सगळे भूखंड एका झटक्यात महापालिकेकडे आलेले नाहीत, टप्प्याटप्प्याने आले. त्यामुळे एकाच सेक्टरमधल्या दोन मोकळ्या जागांचे धनी वेगळे असू शकतात. फाटकावर पाटी असेल, ती वाचून इथे लिहा. त्याशिवाय कोणीही काही सांगितलं तरी ते अंदाजपंचे.

सरळमार्गी

सोसायटीचा हॉल घ्या ना. नाहीतर महापालिकेची समाजमंदिरं भाड्याने मिळतात. अर्ज, भाडं, अनामत, पावती, विषय संपला. वर छप्पर आहे, ऑक्टोबरात कधी पाऊस येईल सांगता येत नाही.

रानजाई

सरळमार्गी, किल्ला हॉलमध्ये कसा करायचा? माती आहे, पाणी आहे, आणि तो चार-पाच दिवस तिथेच राहायला हवा. मुलं रोज येऊन पाणी घालणार, मावळे मांडणार. एका संध्याकाळचा कार्यक्रम नाही हा.

पारसिकदादा, पट्टा दिघा-बेलापूरच आहे. सेक्टर इथे लिहीत नाही, उद्या त्याच ऑफिसात पुन्हा जायचंय. पाटीवर महानगरपालिका आणि उद्यान विभाग असं आहे. आता पुढे?

कलमबहाद्दर

चार-पाच दिवस जागा अडवणार हे आधी का नाही लिहिलंत? तिथेच सगळा फरक पडतो. मुलं बागेत जमून खेळली, गाणी म्हटली, गोष्टी वाचल्या तर कोण अर्ज मागतो? पण जागेचा काही भाग दिवसच्या दिवस वापरायचा असेल तर लेखी हवंच. अजून सांगा: माइक? मंडप? खाण्याचे स्टॉल? कोणाची जाहिरात? अंदाजे किती माणसं?

रानजाई

मंडप नाही. स्टॉल नाहीत, एखाद्या घरून चिवडा-लाडू येतील. माइक लागेलच ना, शेवटच्या दिवशी दिवाळी पहाट आणि बक्षीस समारंभ एकत्र करायचाय, साडेपाचला सुरू. इथल्या एका क्लासवाल्यांनी बक्षिसं द्यायचं कबूल केलंय, त्यांचा बॅनर फाटकावर लावू. माणसं म्हणाल तर आजूबाजूचे सगळेच.

पण प्रश्न परवानगी कोण देतं हा आहे, बाकीचं आम्ही बघू.

कलमबहाद्दर

बाकीचं म्हणताय तेच अडणार आहे. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा केंद्राचा नियम आहे. साडेपाच वाजता माइक म्हणजे अर्ज तिथेच फेटाळला जाईल. सहानंतरही ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून वेगळी घ्यावी लागते, उद्यान विभाग ती देत नाही. जवळ शाळा किंवा हॉस्पिटल आहे का? असेल तर १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र.

बॅनरचंही तसंच. फाटक ही सार्वजनिक मालमत्ता आहे. विनापरवाना फलकांसाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे. क्लासचं नाव आलं की कार्यक्रम व्यावसायिक धरायचा का, हा नवा प्रश्न टेबलावर येतो.

तानपुरा

सणाला सूट असते हो! ठाण्यात तलावपाळीला आणि राम मारुती रोडला दिवाळी पहाटेला पाय ठेवायला जागा नसते. आपली परंपरा आहे ती. दर वेळी नियम काढून बसलं तर मुलांनी मोबाइलच बघायचा का?

कलमबहाद्दर

सूट आहे, पण ती राज्य सरकार ठरवेल त्या दिवसांची, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि तीही रात्री १० ते १२ इतकीच. पहाटेसाठी नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तीही लक्षात असू द्या.

नेरूळचे_आजोबा

मी रोज पहाटे चालायला जातो. उद्यानात कार्यक्रम व्हायला माझा अजिबात विरोध नाही, उलट मुलं आली की बरं वाटतं. पण पहाटेची ती शांतता आम्हा म्हाताऱ्यांना औषधासारखी आहे. माझ्या पत्नीला मोठा आवाज सोसत नाही. बाळांनो, गाणं करा, पण भोंगा नको.

तानपुरा

काका, नमस्कार. मग साडेसहाला, उजाडल्यावर करूया. आणि खरं तर पेटी-तबल्याला माइक लागतच नाही, झाडाखाली गोल करून बसलं तर शेवटच्या माणसालाही नीट ऐकू येतं. आमच्या इथल्या गाण्याच्या बाई तर माइक नसेल तरच गातात. रानजाईताई, एवढा बदल करा, पोलीस परवानगीचं कामच उरणार नाही.

माहिती_हवीच

माझं ऐका, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा स्टॅम्प, काम फत्ते. त्या उद्यानात मागच्या तीन वर्षांत कोणाकोणाला परवानगी दिली, कोणत्या नियमाने दिली, सगळं लेखी मागा. "आमच्याकडे येत नाही" म्हणणाऱ्यांना लेखी सांगावं लागेल.

पारसिक

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. दिवाळी होऊन तुळशीचं लग्न येईल. आत्ता ज्यांच्याकडून परवानगी हवी त्यांच्याशी पहिला संवाद हाच करायचा का?

माहिती_हवीच

पुढच्या वर्षी तरी उपयोग होईल! दर वर्षी नवे पालक त्याच चार टेबलांवर फिरतात. एकदा नियम हातात आला की तो सगळ्यांचा होतो. मी मनापासून सांगतोय.

पाचवीची_आई

थोडं अवांतर. उद्यानात कुत्र्यांना नेता येतं का? आमच्याकडे सुरक्षारक्षक रोज अडवतो. धागा बघितला म्हणून विचारलं.

मातीकाम

सगळे माइकवर बोलताहेत, मातीचं कोणीच विचारलं नाही. ताई, माती कुठून आणणार आहात? आणि किल्ले नेमके कुठे: हिरवळीवर, वाफ्यात की फरशीवर?

रानजाई

मुलं वाफ्याच्या कडेची माती घेतील असं ठरलंय. किल्ले हिरवळीवर, झाडांच्या सावलीत.

मातीकाम

मग माळीदादा पहिल्या दिवशीच हाकलतील, आणि त्यांचं बरोबर असेल. हिरवळीवर चार दिवस माती राहिली तर खालचं गवत पिवळं पडतं, बसतं, आणि तो डाग भरून यायला पुढचा पावसाळा लागतो. वाफ्याच्या कडेला रोपांची वरची मुळं असतात, पोरं खुरप्याने तीच उचकटतील.

लाल माती नर्सरीत गोणीने मिळते, ती आणा. जागा फरशीची किंवा पायऱ्यांची निवडा आणि खाली जुना फ्लेक्स पसरा. आत दगड आणि विटांचे तुकडे रचायचे, उंची त्यांनीच येते, नुसत्या मातीचा डोंगर दुसऱ्या दिवशी बसतो. मग पातळ चिखल कालवून त्यात गोणपाट बुडवायचं आणि दगडांवर टाकायचं. ते ओलं असतानाच बोटांनी दाबून कडे, घळी काढायच्या. एकदा वाळलं की हलत नाही. त्यावर चाळलेली माती भुरभुरवायची. हिरवळीसाठी अळीव सगळ्यात लवकर येतो, मोहरीला थोडा जास्त वेळ लागतो, नाचणी दाट दिसते. पाणी तांब्याने ओतू नका, बी वाहून पायथ्याशी गोळा होतं. हाताने शिंपडा किंवा फवारणीची बाटली घ्या.

आणि एक. पावसाळी चेंबर कुठे आहे ते आधी बघा. पाऊस आला तर सगळी माती त्यात जाईल आणि पुढच्या वर्षी कोणीच परवानगी देणार नाही. चेंबरकडच्या बाजूला विटांची एक ओळ लावा.

खाडीकाठ

वा, वाचून हात शिवशिवले. विषय मात्र ठरवा. दर वर्षी सगळी मुलं प्रतापगड नाहीतर रायगडच करतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. बारा गट पाडून बारा किल्ले करता येतील. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी असे पाण्यातले किल्ले मुलांनी केलेले मी फारसे पाहिले नाहीत. परातीत पाणी घेऊन खांदेरी काय सुंदर होईल!

किंवा जवळचे घ्या. बेलापूरचा किल्ला आपल्या दारात आहे. घोडबंदर आहे. ठाण्याचा किल्ला तर आज मध्यवर्ती कारागृह आहे, कितीतरी ठाणेकर मुलांना ते माहीत नसतं.

तानपुरा

खाडीकाठ, जिंजीला तीन टेकड्या आहेत, लहान गटाला झेपायचं नाही. मोठ्या मुलांना द्या.

कलमबहाद्दर

अहो, परवानगी मिळू दे आधी.

झाडओळख

मी आमच्या भागातल्या उद्यानात झाडांची ओळख करून देणारी फेरी घेते, दर महिन्याला, मुलं आणि आजीआजोबा दोन्ही. मंडळ आमचंही नाही. जे उपयोगी पडलं ते सांगते.

अर्ज तुमच्या स्वतःच्या नावाने करा, सोबत दोन-तीन सोसायट्यांच्या सचिवांची लेटरहेडवर पत्रं जोडा. नोंदणी क्रमांक मागतात कारण त्यांना जबाबदार कोण ते हवं असतं. पत्र असलं की तो प्रश्न सहसा मिटतो. अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि प्रत तुमच्या विभाग कार्यालयाला, दोन्हीकडे द्या. दोन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी बोलण्याची कुठेच नोंद राहत नाही.

हाताने काढलेला नकाशा जोडा: किल्ले या फरशीवर, चालण्याची वाट मोकळी, चेंबर इथे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि नंतर माती कोण उचलणार, हे स्पष्ट लिहा. माझ्या अनुभवात साहेब हीच शेवटची ओळ आधी वाचतात.

झाडांना खिळे, तारा, दिव्यांच्या माळा काही नको. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नको. मुलांना नावाच्या पाट्या करायच्याच असतील तर सुतळीने सैल बांधा आणि नंतर सोडा. आमच्या मुलांनी ताम्हणाला पाटी लावली आणि राज्यफूल कोणतं ते घरी जाऊन मोठ्यांना सांगितलं.

सगळ्यात आधी मात्र माळीदादा, रक्षक आणि सकाळच्या कट्ट्यावरच्या मंडळींना भेटा. ऑफिसातून कोणी पाहणीला आलं की पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात.

नेरूळचे_आजोबा

हे फार चांगलं सांगितलंत. कट्ट्यावरच्या लोकांना परीक्षक करा. आम्ही नुसते बसून असतो. पावनखिंड सांगायला सांगा, सगळे पुढे येतील.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. माइक काढला. पहाट साडेसहाला, पेटी-तबला. बॅनर नाही, क्लासवाल्यांना सांगितलं की बक्षीस द्यायचं तर पुस्तकं द्या, आत तुमचा शिक्का मारा, त्यांना चाललं. किल्ले आता कारंज्यासमोरच्या फरशीवर.

माळीदादांशी बोलले. ते म्हणाले पाइप मी सकाळी सातपर्यंत देईन, नंतर मला दुसऱ्या बागेत जायचं असतं. माती नंतर त्यांना कुंड्यांसाठी हवीये.

झाडओळख

ती त्यांनाच द्या. फक्त झाडांच्या बुंध्याशी ढीग करू नका, साल कुजते.

पारसिक

आणि अर्ज?

रानजाई

दोन्हीकडे दिला, शिक्के घेतले. उद्यान विभागातल्या बाईंनी नकाशा नीट बघितला आणि चालण्याची वाट अजून थोडी रुंद ठेवा म्हणाल्या, तसं पेनने तिथेच दुरुस्त करून दिलं. लेखी उत्तर यायचंय. आलं की इथे अर्जाचा मजकूर टाकते, पुढच्यांना कामी येईल.

माहिती_हवीच

मजकूर नक्की टाका. मी माझा अर्जही टाकतोय, पुढच्या वर्षासाठी.

पाचवीची_आई

कुत्र्यांचं कोणी सांगितलं नाही. पण किल्ल्यात माझ्या मुलीला घ्याल का? आम्ही शेजारच्याच सेक्टरमध्ये असू असं वाटतंय, कारंजं आमच्याही ओळखीचं आहे.

रानजाई

पाठवा, खांदेरीच्या गटात दोन जागा आहेत. येताना मोठी परात हवी, आणि घरात धान्याची जुनी गोणपाटं असतील तर तीही. प्लास्टिकच्या गोण्या नकोत, त्यावर चिखल धरत नाही.