जुनी बॉक्सस्टर एस, दोष बरेच: कितीला मागावी?

कोरी पाटी

२००१ ची पोर्श बॉक्सस्टर एस बघतोय. ९८६ मॉडेल, ३.२ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल, १,१०,००० किमी चाललेली. चलनाचा गोंधळ नको म्हणून आकडे असे धरू: याच वर्षाची, साधारण एवढीच चाललेली, सर्व्हिसची बिलं पूर्ण असलेली बिनतक्रार गाडी १०० ला जाते. या गाडीचा मालक ९० सांगतोय.

दोष असे: क्लच जड आहे आणि अगदी वर आल्यावर पकडतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेलाचा थेंब. छताची मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून दुमडीवर तडकलेली. एसी गार करत नाही. टायर दोन वेगळ्या कंपन्यांचे आणि जुने. पुढचा बंपर पुन्हा रंगवलेला. मधल्या चार वर्षांची बिलंच नाहीत. आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या इंटरमिजिएट शाफ्टचं, जे मोडलं तर इंजिनच जातं) बदलल्याची नोंदही नाही.

गॅरेजकडून सुटे दर घेतले: क्लच ८, आयएमएस बेअरिंग ९, क्रँकशाफ्टचं मागचं, तेल अडवणारं सील ५, खिडकी ४, एसी ५, टायर ६. बेरीज ३७, म्हणजे १०० मधून वजा जाता ६३. मालकाला ६३ म्हटलं तर तो फोन ठेवेल. माझं गणित चुकतंय का, आणि नेमकं कितीला मागावी?

ऑइलफिल्टर

गणित दोन ठिकाणी चुकतंय.

पहिली चूक मजुरीची. क्लच, बेअरिंग आणि मागचं सील या तिन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि गॅरेजने ती मजुरी तीनदा लावली आहे. दराची फोड मागून घ्या. गिअरबॉक्स काढण्या-घालण्याचे ४ धरले तर क्लचचे स्वतःचे ४, बेअरिंगचे ५ आणि सीलचा १ उरतो. तिन्ही एकत्र केली तर १४ होतात, २२ नाही.

दुसरी चूक जास्त महाग पडते. १०० ला जाणारी गाडीसुद्धा नवी नसते. तिचे टायर अर्धे झिजलेले असतात, क्लच बराच वापरलेला असतो. तुम्ही नवे टायर घातले की तुमची गाडी त्या गाडीपेक्षा वरचढ होते, आणि त्या वरचढपणाचे पैसे मालकाने का भरावेत? म्हणून जे मुळातच झिजण्यासाठी असतं ते पूर्ण वजा करायचं नाही. टायरचे ३ धरा. क्लचचे ८ ऐवजी ५ धरा, कारण एवढ्या किलोमीटरला बाकीच्या गाड्यांचे क्लचही उतरणीलाच लागलेले असतात. सीलचा १ पूर्ण धरा, काम त्याच वेळी होईल.

खिडकी आणि एसी मात्र पूर्ण वजा. १०० च्या गाडीत खिडकीतून आरपार दिसतं आणि एसी चालतो.

बेअरिंगचं तिसरंच. या काळातल्या एम९६ इंजिनांत (या गाडीत तेच आहे) बहुतेक एकेरी रांगेचं बेअरिंग असतं, काहींत आधीचं दुहेरी. गिअरबॉक्स उतरवून पाहिल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. हा धोका या एकाच गाडीचा नाही, तो सगळ्या मॉडेलचा आहे, त्यामुळे १०० या भावात तो आधीच धरलेला आहे. तुम्ही तुलनेला घेतलेल्या गाड्यांमध्ये बेअरिंग बदलल्याची बिलं असतील तरच इथे ते वजा करा, नाहीतर मालकाशी बोलताना तो विषय काढू नका. स्वतःच्या खर्चात मात्र तो धराच.

म्हणजे ५ + १ + ४ + ५ + ३ = १८. राहिले ८२. चार वर्षांच्या कोऱ्या नोंदींसाठी आणखी ५, आणि एवढी कामं करून घेण्याच्या दगदगीचे २. तुमची वरची मर्यादा ७५. सुरुवात ७० ने करा.

दोन नंबर गिअर

७५ शी सहमत आहे. फक्त आकडा उलट्या बाजूनेही तपासून बघा, तो जास्त खरा वाटतो. गाडी घरी आणून सगळं करून घ्यायला प्रत्यक्ष किती जाणार? गिअरबॉक्स उतरवून करायचं सगळं १४, खिडकी ४, एसी ५, टायर ६, म्हणजे २९. ७५ ला घेतली तर १०४. दुसरीकडे, १०० ची चांगली गाडी घेऊन तिचं बेअरिंग केलं तर १०९. म्हणजे ५ वाचतात, वर नवा क्लच आणि नवे टायर मिळतात. त्या बदल्यात चार वर्षं गाडीचं काय झालं हे माहीत नसण्याचा धोका तुमच्या गळ्यात. सौदा ठीक आहे, एवढंच.

८२ ला घेतली तर १११ होतात. तिथे मी चांगल्या गाडीकडे वळेन, नवे टायर आणि क्लच धरूनही. ९० चा तर विचारच नको.

आणि एसीचे ५ हा अजून अंदाजच आहे. या गाडीत एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना, रेडिएटरच्या पुढे असतात. बंपरच्या जाळीतून पाला आत जातो, ओला होऊन तिथेच सडतो आणि कंडेन्सरची पातळ पानं खातो. टॉर्च घेऊन जाळीतून आत बघा. काळा चिखल आणि पांढरट पूड दिसली तर गळती तिथेच असण्याची शक्यता मोठी, आणि ५ पुरतील. कंडेन्सर कोरडे आणि स्वच्छ असून एसी बंद असेल तर कंप्रेसर संशयात येतो, मग ५ पुरणार नाहीत. "फक्त गॅस भरायचाय" या वाक्याला किंमत देऊ नका. गॅसच भरायचा असता तर मालकाने विकायला काढण्याआधी भरला असता.

कोरी पाटी

मजुरी तीनदा लागलीय हे लक्षातच आलं नव्हतं, आभार. आता प्रश्न नोंदींच्या त्या ५ चा. हा आकडा तपासणी करून कमी-जास्त करता येईल का? मालक एकदा गाडी गॅरेजमध्ये न्यायला तयार आहे.

ऑइलफिल्टर

येईल, आणि तेच करायला हवं. नोंदी नसणं म्हणजे माहिती नसणं. थोडी माहिती गाडीच देते.

आधी इंजिन थंड असताना पोहोचा. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर एक्झॉस्टला हात लावून खात्री करा. इंजिनाचे सिलिंडर आडवे असल्यामुळे बरेच दिवस उभी राहिलेली गाडी चालू करताना निळसर धुराचा एक झोत सोडते, त्यात वावगं काही नाही. पण पांढऱ्या धुराचे लोट येऊन थांबायचं नाव घेत नसतील तर एअर-ऑइल सेपरेटरचा (इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणाऱ्या भागाचा) पडदा बहुधा फाटलेला असतो. इंजिन निष्क्रिय गतीवर असताना तेल भरायचं झाकण उघडून बघा. हलकी ओढ असतेच. पण झाकण आतून कोणी धरून ठेवल्यासारखं निघेना, तर निदान पक्कं. हा दोष नव्याने सापडला तर तो तुमच्या १८ च्या यादीत पूर्ण जातो.

मग फिल्टर. या इंजिनात कागदी फिल्टर प्लॅस्टिकच्या डब्यात खालच्या बाजूला असतो. तो उघडायला सगळं तेल काढावं लागत नाही, डब्यातलं थोडंच सांडतं. चौदा पैलूंचा ७४ मिमीचा सॉकेट लागतो. डब्यातलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये ओता, फिल्टरचा कागद कापून घड्या उलगडा आणि उजेडात बघा. चमकणारे कण दिसले तर कागदाखालून चुंबक फिरवा. कण चुंबकाबरोबर सरकले तर ते पोलाद आहे, बेअरिंगचं असू शकतं. तिथे किमतीची चर्चा संपली, कारण पोलादाचे कण तेलाबरोबर सगळीकडे पोहोचलेले असतात आणि त्या इंजिनात नवं बेअरिंग घालून उपयोग नसतो. चुंबकाला न लागणारी चमक बहुधा ॲल्युमिनियमची असते, तीही वाईटच. तपकिरी प्लॅस्टिकचे एक-दोन तुकडे मात्र या वयाच्या इंजिनात मिळतात, साखळीच्या टेन्शनरचे पॅड झिजून ते येतात. मूठभर निघाले तर काळजी करा. नवा फिल्टर, नवी ओ-रिंग, आणि डबा २५ न्यूटन-मीटरला घट्ट. हा खर्च तुम्ही करा, मालक नाही म्हणणार नाही.

शेवटी संगणक लावून दोन गोष्टी वाचा. दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टचं विचलन (ठरलेल्या जागेपासून तो किती सरकलाय) गरम इंजिनावर उणे ६ ते अधिक ६ अंशांच्या आत आणि स्थिर हवं. एका बाजूचा आकडा सारखा नाचत असेल तर बेअरिंग किंवा साखळीवर संशय घ्या. दुसरी गोष्ट ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची नोंद. पहिला टप्पा लिमिटरला (इंजिनाच्या फेऱ्या रोखणाऱ्या यंत्रणेला) टेकल्याचा असतो, तो स्पोर्ट्स कारमध्ये असणारच. दुसरा टप्पा चुकून खालचा गिअर पडल्याचा असतो, तिथे लिमिटर काही करू शकत नाही. त्या टप्प्यात नोंदी बऱ्याच असतील आणि शेवटची नोंद इंजिनाच्या अलीकडच्या तासांतली असेल तर ५ चे १० करा, किंवा सोडून द्या.

सगळं स्वच्छ निघालं तर ५ चे २ करायला हरकत नाही. मग मर्यादा ७८ पर्यंत जाते.

चेसिस नंबर

बंपरबद्दल कोणी लिहिलं नाही. दगडांचे टवके झाकायला पुढचा बंपर रंगवणं या गाड्यांत नेहमीचं आहे, नुसत्या त्याचे पैसे कापू नका. पण मागे धडक लपलेली नाही ना, हे बघाच. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पाना लागून उडालाय का? पुढच्या डिकीतला गालिचा उचलून स्पेअर चाकाच्या खड्ड्याचा पत्रा बघा. तिथे सुरकुत्या किंवा मूळच्यापेक्षा वेगळं सीलंट दिसलं तर धडक आतपर्यंत पोहोचली होती. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर दारं आणि मागचे फेंडर मोजा. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, २०० च्या पुढे पुन्हा रंगवलेलं समजा. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं यंत्र चालत नाही.

तेलाचा थेंब बोटावर घेऊन हुंगा. काळपट आणि जळका वास असेल तर इंजिनाचं तेल, सीलचा १ बरोबर. उग्र गंधकाचा वास आला तर गिअरबॉक्सचं तेल आहे. मग वेगळं सील, पण गिअरबॉक्स उतरणारच असल्याने फरक थोडा.

मागच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. या गाडीची मागची चाकं वरून आत झुकलेली असतात, त्यामुळे बाहेरून नक्षी छान दिसते आणि आतली कड तारेपर्यंत गेलेली असते. टायरवरच्या तारखेचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. १७ इंची चाकांवर मूळ माप पुढे २०५/५०, मागे २५५/४० आहे. कोणी भलतंच घातलेलं असेल तर टायरचे ३ ऐवजी ४ धरा.

आणि छत. खिडकी तडकली होती म्हणजे पाणी आत गेलं असू शकतं. सीटखालचा गालिचा दाबून बघा. इमोबिलायझरचं (किल्ली ओळखून चोरी रोखणारं) युनिट तिथे खाली असतं, ओलं झालं की गाडी चालूच होत नाही. गालिचा ओला लागला तर खिडकीचे ४ पुरणार नाहीत. छताच्या मागच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं तुंबली असतील तर तीही साफ करून घ्या.

कोरी पाटी

मालकाला आकडा कसा सांगू? थेट ७० म्हटलं की तो चिडेल.

दोन नंबर गिअर

आकड्याआधी कागद दाखवा. गॅरेजच्या लेटरहेडवर क्लच, सील, खिडकी आणि एसी या चारच ओळी. टायर तोंडी सांगा, ते त्यालाही दिसतात. बेअरिंग लिहू नका. तो म्हणेल, "सगळ्याच गाड्यांना असतं", आणि बरोबर म्हणेल. मग बाकीच्या मुद्द्यांचंही वजन जातं.

तपासणीआधी भाव ठरवू नका आणि इसारही देऊ नका. तपासणी झाल्यावर एकदाच बोला: "कागदावरची कामं आणि टायर मिळून इतके होतात, चार वर्षांची बिलं नाहीत, म्हणून मी ७० देतो, पैसे आजच." तो ८५ वर आला तर एकेक करून वर चढू नका. त्याला ती चार वर्षांची बिलं शोधायला सांगा. बिलं सापडली आणि त्यात वेळेवर तेल बदललेलं दिसलं, तर ७८ खुशीने द्या. नाही सापडली तर ७५ वर थांबा. आठवड्याने पुन्हा फोन करा, तोपर्यंत त्या १०० वाल्या गाड्यांपैकी दोन बघून या.

इसार द्यायची वेळ आली तर पावतीवर फिल्टर उघडून तपासल्याची तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्या, आणि चेसिस नंबर काचेखालचा आणि कागदावरचा दोन्ही जुळवून.