ट्रॉलला मराठीत राक्षस म्हणावं का?

नॉर्वेच्या लोककथा मुलांसाठी मराठीत लिहितेय. पुलाखाली दबा धरून तीन बोकडांना अडवणाऱ्या त्या ट्रोलपाशी अडलेय. ‘राक्षस’ लिहिलं की दहा तोंडं आणि गदा आठवतात. ‘ट्रोल’ लिहिलं की भाचा विचारतो, हा मोबाइलवर शिव्या देणारा का? याच कथांमधल्या निस्से आणि हुल्ड्रा या पात्रांचंही काय करू?

— राक्षस नकोच. आपल्या राक्षसाला कुळ असतं, नगरी असते, तप करून मिळवलेला वर असतो. रावण तर वेदपंडित. ट्रोल बिचारा डोंगरात राहणारा, लांब नाकाचा, बहुधा शेपटीवाला मठ्ठ प्राणी. त्याच्यावर उन्हाची तिरीप पडली की त्याचा दगड होतो. तिकडच्या पुराणातले योटुन मात्र वेगळे. ते देवांचे वैरी आणि सोयरेही, देवांचा राजा ओडिन याची आईच योटुन कुळातली. त्यांना ‘दैत्य’ चपखल बसतं, कारण आपले दैत्यही देवांचे सावत्र भाऊच.

— मुलांना एवढं कुठे कळतं? राक्षस चालेल.

— मुलांनाच कळतं! शिवाय मुळात ‘ट्रोल’ हा शब्द एका प्राण्यापुरता नव्हताच. नॉर्वे-स्वीडनकडच्या जुन्या नॉर्स भाषेत कुठल्याही अमानवी, जादूटोण्याच्या शक्तीला तो लावत. म्हणून स्वीडिशमध्ये आजही ‘ट्रोला’ म्हणजे जादू करणे, ‘ट्रोलकार्ल’ म्हणजे जादूगार, आणि मोझार्टच्या जादूच्या बासरीचा ऑपेरा तिथे ‘ट्रोलफ्लोय्टेन’. चतुर या किड्याचं तिथलं नावही ट्रोलवरून पडलंय. म्हण तर झकास आहे: ‘ट्रोलांचं नाव काढा, ते ओसरीत हजर’.

— इंटरनेटवरच्या ट्रोलचं मूळ बहुधा वेगळं. इंग्रजीत चालत्या होडीमागे आमिष लावलेली दोरी ओढत मासे पकडण्याला हेच क्रियापद आहे. मुद्दाम खोडी काढायची आणि कोण गळाला लागतं ते बघायचं, असा तो अर्थ. पुलाखालचा त्यात मागाहून मिसळला. नॉर्वेजियन उच्चारात ‘ओ’ आखूड आहे, तेव्हा लोककथेतल्याला ‘ट्रॉल’ लिहा, मोबाइलवरच्याला ‘ट्रोल’ राहू द्या. भाच्याची शंका मिटेल. तिकडच्या 11 वळणांच्या घाटाचं नावही ‘ट्रॉलस्टीगेन’ असंच लिहिता येईल. 1936 साली खुला झाला तो.

— निस्सेला ‘बुटका’ करू नका, ही विनंती. बुटके म्हणजे तिकडचे ड्वेर्ग, थोर नावाच्या देवाचा हातोडा घडवणारे लोहार. निस्से शेताघराचा रखवालदार. स्वीडनमध्ये त्यालाच ‘टोम्टे’ म्हणतात, ‘टोम्ट’ म्हणजे घराची जागा. शब्दाने वास्तुपुरुषाच्या जवळ जातो, पण स्वभावाने थेट आपल्या कोकण-गोव्यातला राखणदार. त्याचा मान ठेवला नाही की बिनसलंच. नाताळात त्याला खिरीचा वाडगा ठेवतात, वर लोण्याचा गोळा. एका कथेत पोरीने गंमत म्हणून लोणी तळाशी लपवलं. निस्सेने संतापून गोठ्यातली गाय मारली. मग खीर संपवताना लोणी सापडलं, तेव्हा ओशाळून शेजाऱ्याची तशीच गाय आणून बांधली. शेजाऱ्याचं काय झालं ते कथा सांगत नाही.

— हुल्ड्राला हडळ म्हणाल तर अन्याय होईल. हडळ मेलेल्या बाईचं भूत, हुल्ड्रा जिवंत रानवासी. देखणी, पण गाईची शेपटी, आणि काही ठिकाणी पाठ पोखरलेल्या खोडासारखी. चर्चमध्ये लग्न लागलं की शेपटी गळून पडते! नाव ‘लपणे’ या धातूवरून आलंय. नाव तसंच ठेवा.

— ठरलं. ट्रॉल आणि हुल्ड्रा तसेच, योटुन दैत्य, निस्से ‘घरचा राखणदार’. आता पाण्यातला नोक्क उरला. सारंगी वाजवून माणसांना बुडवतो. साती आसरा चालल्या असत्या, पण हा पुरुष आहे. सुचवा.