मदत हवी आहे: सीओटूचा फुगा रोज भरतेय, कार्बोनेट काही बनत नाही

नमस्कार मंडळी, एमएस्सी ऑरगॅनिक करतेय, मुंबईतच. प्रोजेक्ट आहे स्टायरीन ऑक्साइडमध्ये (हे इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनवाली तीन अणूंची रिंग) सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घालून स्टायरीन कार्बोनेट करायचं. कॅटॅलिस्ट म्हणून झिंक ब्रोमाइड आणि टीबॅब (ब्रोमाइड देणारा अमोनियम क्षार), सॉल्व्हंट नाही, ८० डिग्री, वर फुगा. कागदावर एकदम सोपं, झिंक ऑक्सिजनला धरतं, ब्रोमाइड रिंग उघडतं, सीओटू आत शिरतो आणि रिंग परत बंद, रेणुभार १२० मध्ये ४४ मिळवले की १६४, वाया काहीच नाही. (आईला वाटतंय मी ग्लोबल वॉर्मिंग थांबवतेय. दोन ग्रॅमचा बॅच आहे गं आई.)

मे महिन्यात मस्त चाललं होतं, आयआरला (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) १८०० च्या आसपास कार्बोनेटचं कडक पीक. आता जुलैत तीच प्रोसिजर, तर ते पीक जेमतेम दिसतं, ३४०० ला ओएचचा मोठा उंचवटा आणि टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या प्लेटवर) अगदी खाली एक नवा स्पॉट. सिलिंडर नाहीये, ड्राय आइसचाच गॅस घेते. पावसाची हवा म्हणून या महिन्यापासून तो सुकवायला केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) नळीतून सोडते, नळी बऱ्यापैकी गरम होते आणि फुगा भरायला पण खूप वेळ लागतो. कॅटॅलिस्ट मेला का? सबमिशन जवळ आलंय, प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
अहो केओएच काढा आधी! सीओटू म्हणजे अ‍ॅसिड गॅस, केओएच तोच खातंय, पोटॅशियम कार्बोनेट होतंय आणि वरून पाणीच सुटतंय, म्हणून तर नळी तापते. कॅल्शियम क्लोराइड नाहीतर सिलिका जेल भरा. खालचा स्पॉट डायॉल (दोन ओएचवालं अल्कोहोल) असणार, इपॉक्साइडला पाणी लागलं की तेच होतं. झिंक ब्रोमाइडची बाटली कशी आहे? ते हवेतलं पाणी ओढतं. ड्राय आइसवर पण बर्फ धरतो, तुकडे पटकन घाला, पण बूच लावून कोंडू नका, फुटेल. आणि रात्री भरलेला फुगा सकाळी बसला म्हणून रिअ‍ॅक्शन झाली असं समजू नका, रबरातून सीओटू आरामात निघून जातो.

धागाकर्ती:
देवा. मी स्वतःच्या हाताने रिअ‍ॅक्टंट काढून टाकत होते. बाटली आत्ता उघडली, आत साखरेचा पाक झालाय. सीलबंद बाटली मागवली की कॅल्शियम क्लोराइड लावून परत करते, आयआर इथेच टाकते.