खोडव्यात पाचट आणि शेणखत दोन्ही घातलंय, मग युरिया-डीएपी किती कमी करू?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. कराड तालुक्यात आमचा दीड एकर खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) आहे, जात को ८६०३२. ऊस जानेवारीत तुटला. घरची रीत पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात राहिलेला उसाचा वाळका पाला, पेटवायची, यंदा मी हट्टानं ठेवलं आणि सरीत दाबून घेतलं. दारात दोन म्हशी आहेत, त्यामुळे एकरी दोन ट्रॉली कुजलेलं शेणखतही पडलंय. एवढं सेंद्रिय गेल्यावर रासायनिक निम्म्यावर येईल असं धरून एकरी एक पोतं युरिया आणि अर्धं पोतं डीएपी पाचटावरच विस्कटलं. आता फुटवे पिवळे दिसतायत. शेजारी पेटवलेल्या रानात ऊस काळाभोर आहे. वडील रोज बांधावर उभे राहून तेच दाखवतात. मला पाचट पेटवायचं नाहीच, पण ऊसही बसू द्यायचा नाही. खताचा हिशेब नेमका कसा धरायचा?

माणदेशी:
आधी पाणी बघा. पाचटाखाली ओल टिकते आणि आपण जुन्या सवयीनं आठव्या दिवशी दारं धरतो. पाचट बाजूला सारून मातीची मूठ वळा. चिखल होत असेल तर पाळी लांबवा, मुळ्या गुदमरल्या तरी पानं पिवळीच पडतात.

नीरा_डावा:
दादा, पेटवलं नाहीत हे फार चांगलं केलंत. मी फलटण भागातला, खोडवा पाचटावरच राखतो. पिवळं म्हणजे कोणतं पान पिवळं, ते आधी बघा. खालची जुनी पानं फिकी असतील तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात हे कायम होतं आणि त्यावर कितीही युरिया ओतला तरी उपयोग नाही. लोहाचं असेल तर एकरी १० किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, पाच-सहा दिवस मुरवा, मग द्या. नुसतं मातीत टाकलं तर रानच धरून ठेवतं.

आता नत्राचं. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र जेमतेम. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःलाच नत्र लागतं, ते मातीतून ओढतात आणि तेवढे दिवस ऊस उपाशी राहतो. म्हणूनच टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायला सांगतात. एकरी चार टन पाचट धरलं तर युरियाच ३२ किलो झाला. म्हणजे तुमच्या पोत्यातला बराचसा पाचटानं खाल्ला, थोडा वर उघडा पडून उडूनही गेला असेल. पाचटानं खाल्लेला पुढं कुजल्यावर परत सुटेल, पण उसाच्या खताचा पहिला हप्ता अजून मुळाशी पोचलेलाच नाही, असं धरा.

खोडव्याची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश), म्हणजे एकरी १००:४६:४६. निम्मी तुटल्यावर पंधरा दिवसांत, निम्मी साडेचार महिन्यांनी. एका हप्त्याला साधारण एक पोतं डीएपी, दोन पोती युरिया, ३८ किलो पोटॅश. पहारीनं, बुडख्यापासून वीतभर सोडून, वीतभर खोल छिद्र, फूट-फूट अंतरावर. खत छिद्रात टाकून माती लोटायची. दुसरा हप्ता बुडख्याच्या दुसऱ्या बाजूला. मजुरी जास्त जाते हे मान्य, पण खत मुळाशी जातं.

आणि शेणखताचा हिशेब. दोन ट्रॉली म्हणजे पाचेक टन. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं तर २५ किलो, आणि पहिल्या हंगामात त्यातलं फार तर तिसरा हिस्सा पिकाला मिळतं. ते आठ किलो, म्हणजे युरियाचं अर्धं पोतंसुद्धा नाही! त्याच्या भरवशावर रासायनिक निम्मं करता येत नाही. शेणखत घालायचं ते रान भुसभुशीत राहावं, ओल धरावी, टाकलेलं स्फुरद चुन्याला चिकटून बसू नये म्हणून. पोत्यातलं खत पिकाला लागतं ते त्याच्यामुळे. कपात करायची ती माती परीक्षणात कर्ब आणि नत्र वर आलेलं दिसल्यावर.

पूर्णाथडी:
आमच्याकडे ऊस नाही, पण अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर १९८८ पासून एकाच जागी खतांचे प्रयोग चाललेत. नुसतं नत्र दिलेले तुकडे मागे पडले. शिफारशीप्रमाणे नत्र-स्फुरद-पालाश आणि जोडीला शेणखत मिळालेला तुकडा उत्पन्नात आणि मातीच्या कर्बात पुढे आहे. माझ्या कपाशीच्या रानातही मी दोन्ही सोडत नाही. वडिलांना एखाद वर्षाचा हिरवेपणा न दाखवता माती परीक्षणाचे कागद ओळीनं दाखवा.

कोयनाकाठ:
सकाळी बघून आलो. खालचीच पानं फिकी आहेत, वरच्या पानांत हिरव्या शिरा नाहीत. ओलही ठीक आहे. उद्यापासून पहार धरतो. दोन गोष्टी सांगा. जिवाणू संवर्धन आता टाकलं तर चालेल का, आणि ते युरियातच कालवू का?

नीरा_डावा:
चालेल, पण युरियात अजिबात कालवू नका, जिवाणू मरतात. पहारीची खतं देऊन पाणी सोडा. चार-पाच दिवसांनी रान ओलं असताना संवर्धन चाळलेल्या शेणखतात मिसळून पाचटावर पसरा, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. पुडक्यावरची मुदत बघून घ्या, दुकानात उन्हात ठेवलेलं घेऊ नका. माती परीक्षणाचा नमुना मात्र आता नको, खत ताजं आहे. खोडवा तुटल्यावर, पुढचं खत पडायच्या आधी काढा. दीड एकरातून सात-आठ ठिकाणची माती, व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा, सगळी एकत्र करून अर्धा किलो. शेणखताच्या ढिगाची जागा आणि बांधाकडेची माती घेऊ नका.