मांडीवर परत परत गळू, कल्चरमध्ये एमआरएसए आलंय, घरात पसरेल का?

कोथरूडची_आई: मुलगा तालमीत जातो, मांडीवर गळू येतंय, बसतंय, परत येतंय. केमिस्टने दिलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्हने ढिम्म फरक नाही. शेवटी सर्जनने चिरा देऊन पू काढला, कल्चरला म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून तपासायला पाठवला, रिपोर्टमध्ये एमआरएसए आणि पुढे नुसती आर आर एस आर अशी रांग. सासूबाईंनी त्याचं ताट-वाटी वेगळं काढलंय, घरात नणंदेचं बाळ आहे म्हणून जीव खालीवर होतोय.

लॅबवाला_हडपसर: ताई, ताट राहू दे, टॉवेल वेगळा करा. एमआरएसए म्हणजे पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ नावाचा जंतू, तो स्पर्शाने जातो, टॉवेल, रेझर, पू लागलेली चादर. जखम झाकलेली ठेवा, ड्रेसिंग बदललं की साबणाने हात धुवा, मगच बाळाला घ्या. आर म्हणजे ते औषध चालत नाही, एस म्हणजे चालतं. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रोटीनला चिकटतात, ह्याच्याकडे मेक-ए नावाच्या जीनमुळे वेगळंच प्रोटीन असतं, तिथे ती नीट चिकटतच नाहीत, मग डोस वाढवून काय होणार. आणि हे काही आजचं नाही, १९६१ मध्येच इंग्लंडात सापडलाय.

पेठेतला_पैलवान: आमच्या तालमीत मातीत हळद, ताक, तेल सगळं पडतं, असलं काही होत नाही. गळवावर पोटीस बांधा, पिकलं की पिळून टाका!

लॅबवाला_हडपसर: पैलवान, मातीत काय घालायचं ते घाला, अंगाला अंग घासतंच ना? आणि पिळू तर अजिबात नका, आत पसरतं. जखम भरेपर्यंत कुस्ती बंद, वस्तादांना सांगायला लाजू नका, लंगोट-टॉवेल कुणाचा घेऊ नका, खेळ झाला की लगेच अंघोळ. साधा स्टॅफ तर साधारण ३० टक्के लोकांच्या नाकात गुपचूप बसलेला असतो, परत परत होत असेल तर नाकात लावायचं म्युपिरोसिन डॉक्टर देतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. ताप आला किंवा लाली पसरायला लागली तर सकाळची वाट बघू नका.

कोथरूडची_आई: धन्यवाद दादा. एरिथ्रोमायसिनपुढे आर आहे, क्लिंडामायसिनपुढे एस. सर्जन म्हणाले होते रिपोर्ट आला की फोटो पाठवा, क्लिंडा सुरू करतील बहुतेक.

लॅबवाला_हडपसर: थांबा, एरिथ्रो आर आणि क्लिंडा एस असेल तर खाली बारीक अक्षरात डी-टेस्टचं, म्हणजे एरिथ्रो जवळ असताना जंतू क्लिंडालाही दाद देईनासा होतो का ते बघणाऱ्या चाचणीचं, काही लिहिलंय का बघा. ती पॉझिटिव्ह असेल तर क्लिंडा कागदावर चालतं आणि अंगात फसू शकतं. लिहिलेलं नसेल तर लॅबला फोन करून विचारा, मगच फोटो पाठवा.