जेरी रीडचे घुमते सूर
अमेरिकन गिटारवादक-गायक जेरी रीडसारखी गिटारवर बोटं पळवली तरी सूर सुटे सुटे का वाजतात, असा प्रश्न पडतो. प्रश्न वेगाचा नाहीच, तारा घुमत ठेवण्याचा आहे. लागोपाठचे सूर वेगवेगळ्या तारांवर घ्या: पहिली (सर्वात बारीक) तार मोकळी, म्हणजे न दाबता, तिसरी ७व्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्टीपाशी) दाबून, दुसरी मोकळी, चौथी ७व्यावर, शेवटी तिसरी मोकळी. तिसऱ्या तारेवरचं बोट आडवं पडलं की दुसरीला चिकटतं आणि तिचा सूर मरतो. बोट उभंच ठेवा. अंगठ्यात थंबपिक (तार छेडायची नखी) हवंच. १९६७मध्ये गायक एल्विस प्रेस्लीला रीडचंच गाणं करताना हा बाज दुसऱ्या कुणाकडून मिळेना, शेवटी रीडलाच बोलावलं. रीड गाता गाता खळखळून हसायचा, पण ठेका तसूभर हलायचा नाही. काय माणूस होता!