सांगलीच्या काळ्या मातीत घरचा बटाटा लावावा का, आणि लावला तर कधी?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. घरामागे दोन वाफे होतील एवढी मोकळी जागा आहे. तिथे एका वाफ्यात वांगी-मिरची आणि दुसऱ्यात मेथी-कोथिंबीर असे आलटूनपालटून चाललेले असते. यंदा थंडीत बटाटा लावावा असे फार मनात आहे. माझे आजोळ खटाव तालुक्यातले. लहानपणी काढणी झालेल्या रानात सरवा वेचायला आम्हा मुलांना सोडत, आणि ढेकळाखाली एखादा चांगला पोसलेला बटाटा सापडला की होणारा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो. तो आनंद माझ्या मुलांना मिळावा, एवढाच हेतू आहे.

सासऱ्यांचे म्हणणे असे की, काळ्या मातीत बटाटा वेडावाकडा होतो. बाजारात बारमाही बटाटा मिळत असताना हा खटाटोप कशाला, असेही घरात विचारले जाते. दसऱ्याला लावावा की दिवाळीनंतर, आणि एवढ्याशा जागेत हाती काही लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (पुसेगाव, ता. खटाव, जि. सातारा)

ताई, मातीच्या आधी हंगामाचे सांगतो, कारण बटाट्याचे निम्मे यश तिथेच ठरते. आमच्याकडे बटाटा प्रामुख्याने खरिपात, जून-जुलैच्या पावसावर लावतात. तुमच्याकडे मात्र रब्बीच धरावी. पाला वाढायला ऊब चालते, पण कंद धरायला गार रात्र लागते. रात्रीचे तापमान 20 अंशांच्या आत असले की बटाटा चांगला पोसतो. ते सतत वर राहिले तर पाला माजतो आणि खाली फारसे काही सापडत नाही. म्हणून दसऱ्याची घाई करू नये. ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावण करावी. कुफरी पुखराज हा वाण लवकर निघतो. कुफरी ज्योती हा 1968 पासूनचा जुना, विश्वासाचा वाण थोडे अधिक दिवस घेतो. दोन्ही वाण घरच्या वाफ्याला चालतील.

बेणे, म्हणजे लावायचे बटाटे, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडे लहान, म्हणजे 30 ते 50 ग्रॅमचे घ्यावे आणि शक्यतो अख्खेच लावावे, कारण जमीन अजून ऊबदार असताना चिरलेल्या फोडी कुजण्याचा धोका जास्त असतो. चिरायचेच असेल तर प्रत्येक फोडीला किमान दोन डोळे राहतील असे पाहावे आणि कापलेली बाजू सावलीत सुकून धरू द्यावी. लावणीपूर्वी बेणे घरातच विरळ उजेडात पसरून ठेवले की आखूड, जाड कोंब येतात. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात. दोन ओळींत दीड-दोन फूट आणि दोन झाडांत वीतभर अंतर पुरते.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे भर लावणे. बटाटा मुळाला लागत नाही. जमिनीखाली खोडाला ज्या आडव्या फांद्या फुटतात, त्यांच्या टोकाला तो धरतो. त्यामुळे खोड जितके मातीत, तितकी बटाट्याला जागा. झाडे वीतभर झाली की, साधारण महिन्याच्या सुमारास, दोन्ही बाजूंनी भुसभुशीत माती ओढून चांगला उंच वरंबा करावा. उघड्या राहिलेल्या बटाट्यावर ऊन पडले तर तो हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि तो खाण्याच्या लायकीचा राहत नाही. पुष्कळ लोक घरच्या बागेत हेच काम टाळतात आणि मग वाण वाईट निघाला म्हणतात.

उत्तर (मिरज)

वरच्या उत्तरात मातीचा विषय राहिला आहे, म्हणून लिहिते. आपल्या काळ्या मातीची अडचण दुहेरी आहे: ओली असताना ती घट्ट चिकटून कंदाला दाबते आणि सुकली की भेगाळते. त्या भेगांमधून ऊनही आत जाते आणि बटाट्यावरचा पतंग अंडी घालायला वाट काढतो. त्याची अळी कंद आतून पोखरते. उपाय आपल्या भागात फुकट मिळतो, तो म्हणजे उसाचे पाचट. वाफा खणताना चांगले कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे, लावण उंच वरंब्यावर करावी आणि भर लावून झाल्यावर वरून पाचटाचा जाड थर द्यावा. पाचटाखाली ओल टिकते, भेगा पडत नाहीत आणि काढणीच्या वेळी माती हाताने मोकळी होते. सासऱ्यांची शंका रास्त आहे, पण ती भुसभुशीत न केलेल्या मातीपुरती.

चुलीची राख मात्र घालू नये. बटाट्याला किंचित आम्ल माती मानवते, आपली काळी माती बहुधा आधीच विम्लधर्मी असते आणि राखेने ती आणखी तशी होते. मग सालीवर खपल्या धरतात. मेथीचा वाफा निवडावा, वांगी-मिरचीचा नको, कारण तिन्ही एकाच कुळातली असल्याने रोग एकमेकांकडून घेतात. पाणी बेताने, पण नियमित द्यावे. वाफसा, म्हणजे मातीतली बेताची ओल, मोडू देऊ नये.

उत्तर (सातारा)

हा खटाटोप कशाला, या प्रश्नाचे उत्तर मला द्यावेसे वाटते. हिशेबच करायचा तर किलोभर बेण्यात साधारण पंचवीस झाडे होतात आणि नीट जपलेल्या एका झाडाखाली पाव ते अर्धा किलो बटाटा मिळू शकतो. चार माणसांच्या घराला काही आठवडे पुरेल इतके हे उत्पन्न आहे; पण पैशाच्या हिशेबाने बटाटा लावूच नये. वांगे, टोमॅटो रोज डोळ्यांसमोर वाढताना दिसतात. बटाट्याचे तीन महिने सगळे काही मातीआड चाललेले असते, आणि पाला पिवळा पडून आडवा झाला तरी खाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून काढणीचा दिवस घरातल्या सर्वांनी मिळून साजरा करावा असा असतो.

पाला पिवळा पडला की पाणी तोडावे, पाला जमिनीलगत कापून टाकावा आणि आठ-दहा दिवस थांबावे, म्हणजे साल पक्की होते. एक बटाटा उकरून अंगठ्याने घासावा. साल सुटली नाही तर काढणीला हरकत नाही. खुरपे बुंध्यापासून वीतभर दूर घालून वरंबा सैल करावा आणि पुढचे काम मुलांच्या हातांवर सोडावे. कोरड्या मातीत बोटे फिरत असताना अचानक गार, गुळगुळीत गोलाई लागते. ओढले की दोऱ्याएवढी बारीक फांदी तुटते आणि बटाटा हातात येतो. त्याच्या शेजारी दुसरा असतो, खाली मुठीएवढा तिसरा असतो, आणि शेवटी गोट्यांएवढे चार-दोन निघतात. एका झाडाखाली भरपूर, तर शेजारच्याखाली दोनच. तरीही प्रत्येक बुंधा उकरताना उत्सुकता तितकीच राहते.

चवीतला फरकही खरा आहे. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होऊ लागते, त्यामुळे तो गोडसर लागतो आणि तळताना काळपट पडतो. ताज्या बटाट्याच्या सालीसकट केलेल्या काचऱ्या, वर फक्त जिरे, हिरवी मिरची आणि मीठ, एवढ्यासाठी मी दरवर्षी जागा राखून ठेवतो. बटाटेवड्याला मात्र हा बटाटा घेऊ नये. त्यात पाणी जास्त असते आणि सारण चिकट होते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मेथीचाच वाफा घेते, आणि सासऱ्यांनी पाचट आणून देण्याचे कबूल केले आहे. एक शेवटचे विचारते: घरातल्या टोपलीत कोंब आलेले बटाटे आहेत, ते बेणे म्हणून चालतील का?

उत्तर (पुसेगाव)

उगवतील, पण ते लावू नयेत. खायच्या बटाट्यातून विषाणूजन्य रोग येतात, आणि ते बेण्यावर डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे पाने मुरडली, झाड खुजे राहिले की कळते. हे रोग मावा ही कीड पसरवते. पंजाबच्या मैदानात थंडीच्या ठरावीक काळात मावा फार कमी असतो, म्हणूनच आम्हीही दरवर्षी तिकडचे बेणे आणतो आणि घरचेच बेणे वर्षानुवर्षे फिरवत नाही. आजोळी ओळख असेलच. लावणीच्या सुमारास एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा बियाण्याच्या दुकानात किलो-दोन किलो मागावे, एवढे कुणीही देईल. काढलेले बटाटे धुऊ नयेत. सावलीत सुकवून, कांद्यापासून दूर, अंधाऱ्या हवेशीर जागी पसरून ठेवावेत आणि खुरपे लागलेले आधी संपवावेत.